शीतगृहातील बर्फ आणि तुर्भ्याचा पावसाळा : माझा अनुभव

तुर्भ्याला एपीएमसी बाजारापासून जवळच आमचे छोटे शीतगृह आहे आणि त्यातील गोठवलेल्या मालाच्या खोलीची देखभाल माझ्याकडे आहे. मटार, मक्याचे दाणे, आंब्याचा रस, बटाट्याच्या फोडी असा माल तेथे उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात ठेवावा लागतो. खोली थंड करण्याचे काम यंत्र चोख करते. खरी कसोटी लागते ती त्या यंत्रावर बर्फ साचू न देण्यात, आणि पावसाळ्यात नवी मुंबईच्या हवेत ती रोजच लागते. मागील पावसाळ्यात आम्ही हे काम मुळापासून हाती घेतले. अशी खोली चालवणाऱ्या इतरांनाही त्याचा उपयोग व्हावा, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

आधी हिशेब पाहू. ३० अंश तापमानाच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. उणे २० अंशांना तेवढीच हवा जेमतेम १ ग्रॅम वाफ धरू शकते. म्हणजे दारातून आत शिरलेल्या प्रत्येक घनमीटर हवेने आणलेले जवळजवळ सगळे पाणी आतच कोठेतरी बसणार, आणि खोलीतील सर्वांत थंड जागा इव्हॅपोरेटरची कॉइल, म्हणजे खोलीतील उष्णता शोषून घेणाऱ्या नळ्यांचा संच, असल्यामुळे ते बहुतांशी तेथेच बर्फ होऊन बसते. कॉइलच्या नळ्यांवरील फिन्स, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या, यांच्यामधील फटी बर्फाने बुजल्या की पंख्याला हवा ओढता येत नाही, बर्फाचा थर उष्णता अडवतो, कंप्रेसर तासन्‌तास थांबत नाही आणि तरीही खोलीचे तापमान वर सरकते. त्याहून वाईट म्हणजे कॉइलमध्ये पूर्ण न उकळलेला, द्रवरूपातील थंड करणारा गॅस कंप्रेसरपर्यंत परत जाऊ शकतो आणि कंप्रेसर कायमचा निकामी होऊ शकतो.

आमच्याकडे पहिला पाऊस स्थिरावल्यानंतर नेमके हेच होऊ लागले होते. पंख्यांचा आवाज दबला होता. मटाराच्या पिशव्या हातात घेतल्या की दाणे सुटे न वाटता गोळा झाल्यासारखे लागत, आणि पिशवीच्या आतल्या बाजूला बर्फाची पांढरी भुकटी दिसे. तापमान वरखाली होत राहिल्याची ती खूण आहे. देखभालीच्या कंत्राटदाराने डिफ्रॉस्टच्या फेऱ्या वाढवण्याचा सल्ला दिला. तो मला पटला नाही. डिफ्रॉस्ट म्हणजे कॉइलमधील हीटर चालू करून साचलेला बर्फ वितळवणे, आणि त्या हीटरची उष्णता काही प्रमाणात खोलीतच पसरते. फेऱ्या वाढवल्या की मालाला अधिक वेळा ऊब लागते आणि ती काढून टाकायला कंप्रेसरला पुन्हा वीज लागते. पाणी आत येण्याची वाट मात्र तशीच उघडी राहते.

म्हणून आम्ही प्रथम बर्फ कोठे आणि कसा बसला आहे, हे नीट पाहून लिहून काढले. तो सर्वत्र सारखा नव्हता. दाराच्या चौकटीवर आणि दाराजवळच्या छतावर तो भुरभुरीत, बोटाने खरवडला की गळून पडणारा होता. पंख्यांच्या समोरच्या छतावर आणि वरच्या खोक्यांवर पारदर्शक थेंब गोठलेले होते. कॉइलखालच्या ट्रेमध्ये काचेसारखा कठीण थर होता. भुरभुरीत बर्फ वाफेपासून थेट तयार होतो, तर पारदर्शक बर्फ हा आधी पाणी असतो आणि मग गोठतो. त्यामुळे या तीन जागांची कारणे वेगळी असणार, हे उघड होते.

सर्वाधिक वेळ दाराने घेतला आणि तो घेणे योग्यच होते, कारण बहुतेक पाणी तेथूनच येत होते. गॅस्केट, म्हणजे दाराच्या कडेची फट बंद करणारी रबरी पट्टी, तपासण्यासाठी मी कागदाची पट्टी चौकटीवर धरून दार बंद करीत असे आणि मग पट्टी ओढून पाहत असे. जेथे ती अडखळत ओढावी लागे तेथे रबर घट्ट बसलेले होते, जेथे ती सहज सुटून येई तेथे नव्हते. बिजागरीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात पट्टी नुसती सरकत होती. त्या ठिकाणी पेटती उदबत्ती धरली तेव्हा तिचा धूर सरळ वर न जाता आडवा होऊन फटीत ओढला गेला. रबर कडक होऊन आकसले होते, शिवाय दार किंचित खाली झुकले होते. नुसते गॅस्केट बदलून हे सुटले नसते, म्हणून आधी बिजागऱ्या उचलून घेतल्या आणि मग नवे गॅस्केट बसवले. चौकटीतील हीटरची तार एका बाजूला गरम होत नव्हती, तीही बदलली. ती तार नसेल तर गॅस्केट चौकटीला गोठून चिकटते आणि दार ओढून उघडताना फाटते.

दार लावल्यानंतर लगेच ते पुन्हा उघडायला जड जाते, हे अशा खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. आत आलेली गरम हवा थंड होऊन आकुंचन पावते, आतला दाब घटतो आणि खोली बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून ओढून घेते. यासाठी भिंतीत दाब समान करणारी झडप असते आणि ती गोठू नये म्हणून तिलाही छोटा हीटर असतो. आमच्या झडपेचे तोंड बर्फाने बंद झाले होते, त्यामुळे खोली तीच हवा गॅस्केटमधून आणि पफ पॅनेलच्या (आत उष्णतारोधक फोम, म्हणजे पफ, भरलेल्या भिंतीच्या तक्त्यांच्या) सांध्यांतून ओढत होती. झडप मोकळी करून तिचा हीटर सुरू केला आणि पॅनेलचे सांधे बाहेरच्या, म्हणजे उबदार बाजूने सीलंटने बंद केले. आतून बंद केले असते तर वाफ पॅनेलच्या आत शिरून तेथेच गोठली असती आणि पफ ओला होऊन निकामी झाला असता.

मात्र सर्वांत मोठा फरक पडला तो माल काढण्याच्या पद्धतीने. टेम्पो आला की एकेका ऑर्डरसाठी दार उघडले जाई, आणि पीव्हीसी पट्ट्यांचा पडदा येता-जाता अडचण होते म्हणून बाजूला अडकवून ठेवलेला असे. माथाडी कामगारांतील एका ज्येष्ठ काकांशी मी याबाबत बोललो. ते म्हणाले, “दादा, पडदा आम्हाला नको असतो असं नाही. पण पट्ट्या थंडीनं ताठ होतात, डोक्यावर कॅरेट असलं की तोंडावर बसतात. नरम पट्ट्या लावा, आम्ही बांधून ठेवणार नाही. आणि चिठ्ठ्या दोन-तीन गाड्यांच्या एकदम द्या, म्हणजे एका उघडण्यात माल निघंल.” त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. अतिथंड खोलीसाठी वेगळ्या, थंडीतही लवचिक राहणाऱ्या पट्ट्या मिळतात. त्या लावल्यापासून पडदा कोणीही बांधलेला नाही. खोलीसमोरचा लहान पॅसेज आम्ही सुमारे ५ अंशांवर ठेवू लागलो आणि बाहेरचे दार बंद झाल्याखेरीज आतले उघडायचे नाही, असा नियम केला. ५ अंशांची हवा घनमीटरमागे ७ ग्रॅमांहूनही कमी वाफ धरते, म्हणजे बाहेरचे बहुतेक पाणी पॅसेजमध्ये थेंबांच्या रूपाने गळून नाल्यावाटे निघून जाते.

पंख्यांसमोरच्या गोठलेल्या थेंबांचे कारण डिफ्रॉस्टच्या शेवटात होते. हीटर बंद होताच पंखे सुरू होत आणि कॉइलवर उरलेले पाणी छतावर व मालावर उडवत. कंट्रोलरमध्ये आधी पाणी निथळण्यासाठी काही मिनिटे आणि मग पंखे उशिरा सुरू होण्यासाठी काही मिनिटे अशी सोय असते, पण ती शून्यावर होती. ती सुरू केल्यावर उरलेले थेंब कॉइलवरच गोठून राहतात आणि मगच हवा वाहू लागते. डिफ्रॉस्ट थांबवणारा सेन्सरही कॉइलच्या लवकर तापणाऱ्या टोकाला बसवलेला होता, त्यामुळे दुसऱ्या टोकाचा बर्फ प्रत्येक वेळी अर्धवट राहत असे. म्हणून हा सेन्सर बर्फ सर्वांत शेवटी जेथे वितळतो तेथे हलवला.

ट्रेमधला बर्फ काढायला फार वेळ लागला नाही. निचऱ्याच्या पाइपाला उतार कमी होता आणि त्यातील हीटरची तार तुटली होती. पाइपाला पाण्याचा ट्रॅपही (थोडे पाणी अडवून हवेची वाट बंद करणारे वळण) नव्हता, त्यामुळे पाणी बाहेर जाण्याच्या वाटेनेच दमट हवा आत येत होती. ट्रॅप खोलीबाहेर बसवला, कारण आत तो गोठला असता.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. फिन्समधला बर्फ काढायला स्क्रू-ड्रायव्हर, हातोडी किंवा सळई कोणालाही वापरू देऊ नये. बर्फाखालची नळी दिसत नाही आणि तिला एक भोक पडले तर सगळा गॅस जातो. आम्ही माल शेजारच्या खोलीत हलवला, यंत्र बंद केले आणि साध्या पाण्याच्या धारेने कॉइल स्वच्छ केली. तसेच दार आतून उघडण्याची कळ बर्फाने अडकत नाही ना, हे आता रोज सकाळी पाहिले जाते, कारण तेथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

ऑगस्टच्या मुसळधार पावसातही डिफ्रॉस्टच्या फेऱ्या न वाढवता कॉइलच्या फिन्स मोकळ्या राहिल्या आणि कंप्रेसर पुन्हा मधूनमधून थांबू लागला. सध्या लक्ष फरशीकडे आहे. खोलीखालची जमीन गोठून फरशी वर उचलली जाऊ नये म्हणून खालून हवा खेळवणारे पाइप टाकलेले आहेत, पण त्यांची तोंडे रस्त्याच्या पातळीला असून पाणी तुंबले की ती बुडतात. पुढच्या जूनपूर्वी ती वर उचलून त्यांना जाळी बसवण्याचे काम सुरू केले आहे.