जिथे भाषणं झाली, तिथे जाऊन वाचताना

वॉशिंग्टनमधला लिंकन म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो नॅशनल मॉल या लांबलचक मैदानाच्या टोकाला खुर्चीत बसलेला संगमरवरी लिंकन. पण त्याच्या जवळजवळ अर्धशतक आधीचा एक लिंकन कॅपिटॉलपासून, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनापासून, पूर्वेला मैलभर अंतरावर, राहत्या वस्तीतल्या एका बागेत उभा आहे. बागेचं नावही लिंकन पार्क. मुलं खेळत असतात, शेजारीपाजारी कुत्र्यांना फिरवायला आणतात, पर्यटक क्वचितच दिसतो. मी वॉशिंग्टनला गेले ती मुळात या पुतळ्यासाठी. त्याहीपेक्षा, त्याच्या अनावरणाला झालेल्या एका भाषणासाठी.

फ्रेडरिक डग्लस, हेन्री हायलंड गार्नेट, सोजर्नर ट्रुथ, फ्रान्सिस हार्पर. गुलामगिरी मोडण्यासाठी आयुष्य वेचलेली ही कृष्णवर्णीय माणसं गुलामगिरी कायद्याने संपल्यावर काय बोलली, हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे. त्यांची आधीची भाषणं पुष्कळांनी वाचलेली असतात. नंतरची मागे पडतात, आणि मला तीच जास्त मोलाची वाटतात. बेडी तुटली, आता मत कोणाला, मजुरी किती, कोर्टात आपलं ऐकणार कोण, हे प्रश्न त्यांनी सत्ताधाऱ्यांच्या समोर उभं राहून विचारले. म्हणून भाषणांच्या छापील प्रती पिशवीत घातल्या आणि मेरीलँडला भाचीकडे मुक्काम ठोकून, जिथे ती झाली तिथे जाऊन वाचायची असं ठरवलं.

तर लिंकन पार्क. ब्राँझचा लिंकन उभा आहे, उजवा हात मुक्तीच्या जाहीरनाम्यावर, डावा हात पुढे पसरलेला. त्या हाताखाली एक कृष्णवर्णीय माणूस गुडघ्यावर, अंगावर जेमतेम वस्त्र, मनगटात तुटलेल्या बेड्या. चेहऱ्यासाठी शिल्पकार थॉमस बॉलने आर्चर अलेक्झांडर या खऱ्याखुऱ्या माणसाचा नमुना घेतला होता. गुलामगिरीतून पळालेला हा माणूस. जवळ गेलं की त्याची मूठ दिसते, घट्ट आवळलेली. माणूस उठण्याच्या बेतात आहे असं शिल्पकाराला दाखवायचं असावं. पण लांबून दिसतो तो एक उभा आणि एक गुडघे टेकलेला.

चौथऱ्यावरची पाटी मात्र सावकाश वाचावी. हे स्मारक केवळ मुक्त झालेल्या गुलामांनी दिलेल्या पैशातून उभं राहिलं, असं तिच्यावर कोरलंय. पहिली वर्गणी शार्लट स्कॉट नावाच्या, मूळच्या व्हर्जिनियातल्या बाईची: पाच डॉलर, स्वतंत्र झाल्यावरची तिची पहिली कमाई. लिंकनच्या हत्येची बातमी कळली त्या दिवशी तिने ते पैसे पुढे केले. पैसा त्यांचा, पण पुतळ्याचा आकार ठरवताना त्यांना कोणी विचारलं नाही.

अनावरण झालं १४ एप्रिल १८७६ रोजी, लिंकनवर गोळी झाडली गेली त्याला अकरा वर्षं झाली त्या दिवशी. (ही तारीख वाचताना मराठी माणूस क्षणभर थबकतोच.) समोर राष्ट्राध्यक्ष ग्रँट, मंत्रिमंडळ, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, काँग्रेसचे सदस्य. मुख्य वक्ता डग्लस, जो वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत मेरीलँडमध्ये कोणाच्या तरी मालकीचा होता. अशा प्रसंगी कृतज्ञतेचं भाषण करायचं असतं. डग्लसने कृतज्ञता व्यक्त केली, आणि त्याचबरोबर सांगितलं की लिंकन हे सर्वस्वी गोऱ्यांचे राष्ट्राध्यक्ष होते. समोरच्या गोऱ्या श्रोत्यांना तो म्हणाला, तुम्ही लिंकनची मुलं. आम्ही फार तर सावत्र, दत्तक, परिस्थितीच्या रेट्याने पदरी पडलेली.

मी बाकावर बसून ही पानं वाचली. आवाज मोठा करायची हिंमत झाली नाही, तरी ओठ हलत होते. डग्लस पुढे जे करतो त्याला माझ्या मते तोड नाही. तो लिंकनला दोन मापांनी मोजतो. गुलामगिरी नष्ट करायला निघालेल्यांच्या नजरेतून पाहिलं तर हा माणूस मंद, थंड, बेफिकीर वाटतो. पण त्याच्या देशाचं जे मत होतं, राजकारणी म्हणून जे त्याला विचारात घ्यावंच लागत होतं, त्या मापाने मोजलं तर तो वेगवान होता, तळमळीचा होता, निश्चयी होता. दोन्ही मापं खरी. एकही डग्लस खाली ठेवत नाही.

पाच दिवसांनी त्याने एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, ते २०२० मध्ये दोन इतिहासकारांना सापडलं. त्यात त्याने लिहिलंय की मरण्यापूर्वी मला असं स्मारक पाहायचंय, ज्यात निग्रो चार पायांच्या जनावरासारखा गुडघ्यांवर नसेल, माणसासारखा पायांवर ताठ उभा असेल. लिंकन पार्कमध्ये आणखी एका स्मारकाला जागा आहे, असंही त्याने सुचवलं. ती जागा भरायला १९७४ साल उजाडलं. आज लिंकनच्या समोर मेरी मॅक्लिऑड बेथ्यून यांचा पुतळा आहे. मुक्त झालेल्या गुलामांच्या पोटी जन्मलेल्या या शिक्षिका हातात काठी घेऊन दोन मुलांना आपला वारसा सोपवताहेत. त्यांच्याकडे तोंड व्हावं म्हणून लिंकनचा पुतळा तेव्हा चौथऱ्यावर फिरवून घेतला गेला.

त्या बाकावर जोतिरावांची आठवण येणं अटळ होतं. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. पुण्यात बसून त्या लढ्याशी नातं जोडणं हे केवढं मोठं मन! आणि तीनच वर्षांनी, त्याच सदाचारी लोकांसमोर डग्लस उभा राहून सांगत होता की हिशेब अजून पुरा झालेला नाही. दोन्ही माणसं एकाच बाजूची. जोतिरावांनी ते भाषण वाचलं असतं तर त्यातला शब्द न् शब्द त्यांना ओळखीचा वाटला असता.

कॅपिटॉलच्या भूमिगत अभ्यागत केंद्रातल्या मोठ्या दालनाचं नाव 'इमॅन्सिपेशन हॉल' आहे. डग्लसचा पुतळा तिथेच, ताठ उभा. सोजर्नर ट्रुथचा अर्धपुतळाही तिथे आहे, २००९ मध्ये बसवलेला. पण माझं लक्ष होतं प्रतिनिधिगृहाच्या गॅलरीकडे. तिथे बसायला वेगळा पास लागतो, परदेशी पाहुण्यांना तो केंद्रातच मिळतो. पिशव्या आणि फोन बाहेर ठेवावे लागतात, त्यामुळे इथे कागद नेता आला नाही. गार्नेटचे मला हवे होते ते परिच्छेद रांगेत उभ्या उभ्या पुन्हा पुन्हा वाचले.

३१ जानेवारी १८६५ ला याच सभागृहाने गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर केली. त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी, १२ फेब्रुवारीला, गार्नेट इथे प्रवचनाला उभा राहिला. सभागृहात बोलणारा तो पहिला कृष्णवर्णीय माणूस. लहानपणी कुटुंबासह मेरीलँडच्या गुलामगिरीतून पळालेला, पुढे वॉशिंग्टनच्या एका चर्चचा पाद्री झालेला. प्रवचनासाठी त्याने बायबलमधलं वचन निवडलं ते दुसऱ्यांच्या खांद्यांवर जड ओझी बांधून स्वतः बोटही न लावणाऱ्यांबद्दलचं. आणि मग तो म्हणतो: लोक विचारतात, सुधारकांच्या मागण्या संपणार कधी? प्रश्न रास्त आहे, मी उत्तर देतो. देशातल्या प्रत्येक माणसावरची अन्याय्य ओझी उतरतील तेव्हा. कायद्यातले भेदभाव पुसले जातील तेव्हा. मुक्तीपाठोपाठ मताधिकार येईल आणि या सरकारशी निष्ठा असलेल्या सर्वांना नागरिकत्वाचा प्रत्येक हक्क मिळेल तेव्हा. दुरुस्ती अजून राज्यांनी मान्य करायची होती, आणि हा माणूस आधीच पुढच्या पायरीवर उभा होता! गॅलरीतून खालच्या रिकाम्या बाकांकडे बघताना, त्या दिवशी तिथे बसलेल्यांना हे कसं वाटलं असेल याचा विचार बराच वेळ करत राहिले.

तिथून अ‍ॅनाकोस्टियाला मेट्रो आणि पुढे बस. बसमध्ये वाचायला हार्परचं भाषण ठेवलं होतं. ते न्यूयॉर्कचं, मे १८६६ मधल्या स्त्री-हक्क परिषदेतलं, पण त्यात घोड्यांच्या ट्रामगाड्या आहेत. हार्पर स्वतःचीच हकीकत सांगते. नवरा अचानक वारला, कर्ज मागे राहिलं. ती लोणी करून बाजारात विकत असे. तीन महिन्यांत नवऱ्याच्या मालमत्तेची व्यवस्था बघणाऱ्याने दुधाची भांडी आणि कपडे धुवायचे टब तिच्या हातून काढून नेले; राहिला फक्त एक आरसा. नवऱ्याच्या जागी मी मेले असते तर किती वेगळं झालं असतं, असं ती विचारते. मग ट्रामगाडीकडे वळते: आपल्याला बसू देत नाहीत, आणि युद्धात सैनिकांची मोहीम पार पाडलेल्या हॅरिएट टबमनचे हात कंडक्टरशी झालेल्या झटापटीत सुजलेत. सभेतल्या गोऱ्या स्त्रियांना ती थेट सांगते की तुम्ही हक्कांबद्दल बोलता, मी अन्यायांबद्दल बोलते. वॉशिंग्टनमध्ये सोजर्नर ट्रुथलाही १८६५ मध्ये एका कंडक्टरने गाडीतून ढकललं होतं, तिचा खांदा दुखावला. ती गप्प बसली नाही. त्या कंडक्टरला अटक झाली, नोकरीही गेली. दोन वर्षांनी हीच ट्रुथ भर सभेत म्हणाली की मी शेतात पुरुषांइतकंच काम केलं, पण त्यांना दुप्पट मजुरी मिळाली. हक्क फक्त काळ्या पुरुषांना दिलेत तर ते बायकांचे मालक होतील, आणि सगळं पूर्वीइतकंच वाईट होईल.

डग्लसचं घर, सीडर हिल, टेकडीवर आहे. पायऱ्या चढताना भाची म्हणाली, "मावशी, सोळा एप्रिलला इथे सुट्टी असते बघ. त्यामुळे कधी कधी सगळ्या देशाची टॅक्स भरायची तारीख पुढे जाते." सोळा एप्रिल १८६२ ला वॉशिंग्टनपुरती गुलामगिरी रद्द झाली, तो हा दिवस. त्या कायद्याने मालकांना माणसामागे ३०० डॉलरपर्यंत भरपाई दिली. मुक्त झालेल्याला १०० डॉलरपर्यंत मिळू शकत होते, पण तो देश सोडून जायला तयार असेल तरच.

सीडर हिल ज्या वसाहतीत आहे तिच्या करारात आफ्रिकी वंशाच्या कोणालाही घर विकायला बंदी होती. १८७७ मध्ये डग्लसने वसाहत वसवणाऱ्याचंच राहतं घर ६,७०० डॉलरला घेतलं. आत रेंजरबरोबरच, म्हणजे तिथल्या सरकारी मार्गदर्शकाबरोबरच, जाता येतं. पुस्तकांनी भरलेली अभ्यासिका, झोपण्याच्या खोलीत व्यायामाची डंबेल्स; साठीतला माणूस रोज सकाळी व्यायाम करायचा हे कळल्यावर तो अचानक जवळचा वाटायला लागला. मागच्या अंगणात एकखणी दगडी खोली आहे, एकटं बसून लिहिण्या-वाचण्यासाठी त्याने ठेवलेल्या खोलीची नंतर पुन्हा बांधलेली प्रतिकृती. ओसरीवर उभं राहिलं की नदीपलीकडे कॅपिटॉलचा घुमट दिसतो.

याच घरात राहत असताना, १८८८ च्या सोळा एप्रिलला, मुक्तिदिनाच्या समारंभात त्याने जाहीर केलं की ही तथाकथित मुक्ती म्हणजे प्रचंड फसवणूक आहे. तो नुकताच दक्षिणेत फिरून आला होता. शेतमजुराला रोख पैसे मिळत नाहीत, ठरलेल्या दुकानाच्या चिठ्ठ्या मिळतात. दुकानदार वाटेल तो भाव लावतो. वर्ष संपताना मजूर कर्जातच असतो आणि कर्ज असेपर्यंत त्याला हलता येत नाही. उत्सवाच्या दिवशी हे बोलायला छाती लागते. आपल्याकडच्या सालगड्याची उचल ज्यांनी जवळून पाहिलीय त्यांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

१८८३ चं एक भाषण मात्र वाचायला जागाच उरलेली नाही. नागरी हक्कांचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढल्यावर आठवड्याभरात डग्लस लिंकन हॉलमध्ये बोलला होता. ती इमारत १८८६ मध्ये जळाली.

शेवटी एम स्ट्रीटवरचं मेट्रोपॉलिटन ए.एम.ई. (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) चर्च. लाल विटांचं, उंच, चहूबाजूंनी ऑफिसांच्या इमारती. ९ जानेवारी १८९४ ला डग्लसने इथे लिंचिंगविरुद्ध भाषण केलं. वय पंचाहत्तरी पार. जमावाने माणसं मारायची आणि मग त्यांच्यावरच आरोप ठेवायचे, ही रीत तो एकेक युक्तिवाद घेऊन उलगडतो, आणि या सगळ्याला 'निग्रोंचा प्रश्न' म्हणायलाच नकार देतो. त्याच्या मते प्रश्न देशाचा होता: स्वतःच्या राज्यघटनेला जागायचं की नाही. ही पानं मी चर्चच्या पायरीवर बसून वाचली, कारण आत प्रार्थना चालू होती. गाणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

जाणार असाल तर सीडर हिलची वेळ आधी ऑनलाइन घेऊन ठेवा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही. लिंकन पार्कला सकाळी जा. आणि हाताशी वेळ असेल तर फिलाडेल्फियाही जोडा. बेनब्रिज स्ट्रीटवर हार्परचं घर अजून उभं आहे. माझं ते या खेपेला राहिलं.