देवासहून इंदूरला, टिल्ट टेस्टसाठी

दोनदा शाळेच्या प्रार्थनेत आणि तिसऱ्यांदा गणपतीच्या आरतीत, अशी मी तीन वेळा उभ्या उभ्या पडले. दोन वर्षं सगळे ‘अशक्तपणा’ म्हणत राहिले. एका दवाखान्यात तर दर वेळी सलाईन लावून घरी पाठवलं. शेवटी इंदूरच्या हृदयरोगतज्ज्ञांनी ईसीजी, इको, चोवीस तासांचा होल्टर (अंगावर लावून ठोके नोंदवणारं छोटं यंत्र) सगळं करून घेतलं. त्यात काही निघालं नाही, तेव्हा टिल्ट टेबल टेस्ट लिहून दिली, म्हणजे टेबलासकट उभं करून भोवळ येते का ते बघायचं.

देवासहून इंदूर पस्तीस-चाळीस किलोमीटर. पण सकाळी देवास नाक्यापासून विजयनगरपर्यंत गर्दीत अडकायला होतं, म्हणून आदल्या रात्रीच लोकमान्य नगरात मावशीकडे मुक्काम केला. टेस्टच्या आधी चार तास काही खायचं नव्हतं आणि सकाळी मावशी पोह्यांची बशी घेऊन समोर उभी. “अगं, भोवळ येणाऱ्या माणसानं उपाशी जायचं का?” तिचा जीव तुटत होता, पण टेस्टमध्ये मळमळतं, उलटीही होऊ शकते, म्हणून पोट रिकामं लागतं. नेहमीच्या गोळ्यांचं मात्र आधी डॉक्टरांना विचारा. बीपीची किंवा हृदयाची गोळी आपल्या मनानं बंद करू नका. साडी नेसून जाऊ नका, सैल सलवार-कुर्ता बरा.

खोली शांत, दिवे मंद. अरुंद टेबल, पायाशी उभं राहायला फळी. छातीवर ईसीजीच्या चकत्या, एका दंडाला बीपीचा पट्टा, दुसऱ्या हातात सुई, आणि पडू नये म्हणून छातीवरून व मांड्यांवरून रुंद पट्टे. पंधरा मिनिटं नुसतं पडून राहायचं. मग टेबल हळूहळू 70 अंशांपर्यंत उभं होतं. भिंतीला टेकून उभं राहिल्यासारखं वाटतं, दुखत काहीच नाही.

इथे मी चूक केली, ती तुम्ही करू नका. आपण पडलो नाही म्हणजे पास झालो, अशा समजुतीनं मी पोटऱ्या आवळून उभी होते. तिथली तंत्रज्ञ मुलगी मराठीच निघाली. तिनं लगेच ओळखलं. “काकू, पाय सैल सोडा. इथे सावरायचं नाही. भोवळ येणार असेल तर ती इथेच येऊ दे, आम्ही आहोत ना.” मग तिनं कारणही सांगितलं. उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात नि पायांत उतरतं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलतात. पाय आवळले की तीच मदत मिळते आणि टेस्टचा उपयोग राहत नाही.

वीस मिनिटं काही झालं नाही. मग जिभेखाली नायट्रोग्लिसरिनचा फवारा दिला. चार-पाच मिनिटांत छाती धडधडायला लागली, जांभया आल्या, मानेला गार घाम फुटला, आवाज विहिरीतून आल्यासारखे लांब गेले. मी प्रत्येक गोष्ट सांगत होते. जे वाटेल ते बोलत राहा, त्यांना तेच हवं असतं. मग अंधारी आली आणि शुद्धीवर आले तेव्हा टेबल आडवं होतं. जेमतेम काही सेकंद गेले होते. बीपीचा वरचा आकडा 118 वरून 60 च्या खाली आणि नाडी 38 वर गेली होती.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “घरी येते तशीच भोवळ होती का?” म्हणून जाण्याआधी आपल्या भोवळीचं वर्णन लिहून न्या: आधी काय होतं, किती वेळ टिकतं. कुणी व्हिडिओ काढला असेल तर तोही दाखवा.

माझं निदान व्हेसोव्हेगल. म्हणजे रक्तवाहिन्या अचानक सैल पडतात, व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे नाडी मंदावते आणि मेंदूला रक्त कमी पडतं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 नं उतरला, किंवा बीपी न उतरता नाडीच दहा मिनिटांत 30 नं वाढून तशीच राहिली, तर निदान वेगळं ठरतं. टेस्टमध्ये भोवळ आलीच नाही तरी तुमचा त्रास खोटा ठरत नाही. पण धावताना किंवा आडवं असताना शुद्ध गेली, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर वेळ न घालवता हृदयरोगतज्ज्ञ गाठा.

सोबत कुणीतरी हवंच. फवाऱ्यानं तासभर डोकं दुखत होतं, गाडी यांनीच चालवली. दुपारी मावशीनं पोहे पुन्हा केले, वर शेव, जीरावण मसाला. मी दोन बशा खाल्ल्या.

आता पाणी भरपूर पिते. बीपी वाढलेलं नाही, म्हणून डॉक्टरांनी मीठही थोडं वाढवायला सांगितलंय. मानेला घाम फुटला की पायावर पाय टाकून मांड्या आवळते, मुठी घट्ट करते, तरी थांबलं नाही तर सरळ खाली बसते. शाळेत बाईंना सांगून ठेवलंय, प्रार्थनेला माझी खुर्ची मागच्या रांगेत असते.