आमची वाटचाल : मशीनच्या नेमप्लेटपासून विमानाच्या पाटीपर्यंत

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये वडिलांनी नेमप्लेटचं वर्कशॉप टाकलं. मोटर, पंप, कंप्रेसर, लेथ यांच्या पाट्या आम्ही पितळेवर आणि स्टेनलेस स्टीलवर एचिंग करून द्यायचो. पाटीवरचा सिरियल नंबर मशीनवर कोरलेल्या नंबराशी जुळवल्याशिवाय माल बाहेर जायचा नाही, हा वडिलांचा दंडक. पुढे इस्टेटमधले कारखाने एकेक करून बंद पडले, काम आटलं, तेव्हा या दंडकानेच आम्हाला तारलं.

एका शाळेच्या आवारातल्या जुन्या लढाऊ विमानासाठी माहितीची पाटी हवी होती. मजकूर आयताच आला होता : '1965 च्या युद्धात पराक्रम गाजवणारं नॅट'. नॅटचं नाव मोठंच आहे. 1971 च्या डिसेंबरात श्रीनगरवर सेबर विमानांशी झुंजताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांना वीरमरण आलं, ते नॅटमध्येच. पण समोर उभं असलेलं विमान युद्धात होतं, हे कशावरून? बाहेरचा नंबर तर रंगाऱ्याने पुन्हा काढलेला दिसत होता.

नौपाड्यात राहणाऱ्या, वायुदलातून निवृत्त झालेल्या एका फिटर काकांना सोबत नेलं. पंखाखाली जाऊन त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हे नॅट नव्हे, अजित आहे. याच्या पंखातच इंधनाची टाकी आहे." नॅटला इंधन कमी पडायचं, म्हणून हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ही सुधारित आवृत्ती काढली. ती पहिल्यांदा उडाली 1975 मध्ये. विषय संपला, असं आम्हाला वाटलं. काकांनी थांबवलं. नवे अजित 79 बांधले गेले, पण 10 जुन्या नॅटचेही अजित केले होते. म्हणजे सांगाडा युद्ध पाहिलेला असू शकत होता!

आता खरा नंबर शोधणं आलं. इंजिनावरची प्लेट आम्ही पुरावा धरत नाही. इंजिनं बदलली जातात आणि त्यांचं लॉगबुक वेगळं असतं. झाकणं, दारंही एका विमानाची दुसऱ्याला लागतात. भरवसा मूळ सांगाड्यावरच्या प्लेटचा. ती घासूनपुसून वाचली, तर नंबर नव्या बांधणीतला निघाला. पुढचा धागा वैमानिकांच्या लॉगबुकात मिळाला. प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा प्रकार, नंबर आणि वेळ वैमानिक त्यात लिहून ठेवतात. एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या वहीत आमचा नंबर सापडला, त्या दिवशी वर्कशॉपमध्ये पेढे वाटले.

पाटीवर 'अजित' कोरलं, युद्धाची ओळ काढली. मुख्याध्यापिकाबाईंनी आनंदाने मान्य केलं. बंगळुरूत बांधलेलं विमान म्हणून मुलांना सांगण्यासारखं त्यात पुष्कळ होतं.

आता असंच काम अधिक येतं. नंबर मानासाठीही रंगवतात, हे आम्ही गिऱ्हाइकांना आधीच सांगतो. वायुदलाच्या 'परशुराम' डकोटावर व्हीपी 905 लिहिलंय. ऑक्टोबर 1947 मध्ये श्रीनगरला सैन्य उतरवणाऱ्या डकोटाचा तो नंबर, तिच्या स्मरणार्थ दिलेला. हे विमान मात्र दुसरं. इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन 2018 मध्ये भारतात आलं. अशा वेळी पाटीवर दोन्ही इतिहास वेगवेगळे लिहावेत, असं आमचं ठाम मत आहे.

ठाणे, कळवा, ऐरोली भागात कुणाच्या घरी वडिलांचं, आजोबांचं फ्लाइंग लॉगबुक असेल तर जरूर घेऊन या. तुमच्यासमोरच स्कॅन करतो आणि वही लगेच परत देतो. त्याचे पैसे घेत नाही.