गंगेवर गळ टाकून बसलेला रविवार

गंगाखेडात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली पाणबुडी मोटार उघडायची, काळी पडलेली तार ओढून काढायची, नवी भरायची. दिवाळी सरली आणि रब्बीच्या ज्वारीला पाणी द्यायची घाई सुरू झाली की फोन थांबत नाही. "मिस्त्री, मोटार बसली, रान सुकायलंय." सहा दिवस मी ते सगळं मनापासून करतो. रविवारी दुकानाला कुलूप असतं आणि मी काकांसोबत गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, असतो.

तयारी शनिवारी रात्रीच होते. काकांचा गळाचा वेळू घरातल्या आढ्याला आडवा टांगलेला असतो, उंदरांनी तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, कुरतडू नये म्हणून. पाण्यावर तरंगत ठेवायचा भेंड ते ज्वारीच्या धाटातून काढतात. कोवळं धाट चालत नाही, खळं झाल्यावरचं वाळलेलं लागतं. त्यात माझी भर एवढीच, की तो भेंड मी दुकानातल्या वाइंडिंगच्या वार्निशमध्ये बुडवतो आणि बल्बखाली वाळवतो. मग दिवसभर पाण्यात राहिला तरी तो पाणी पीत नाही. काकांनी पहिल्यांदा तो हातात घेतला, नखानं टोचून पाहिला आणि खिशात ठेवला. तेव्हापासून भेंड माझ्याकडं आणि गांडुळं त्यांच्याकडं. ती गोठ्यामागच्या उकिरड्यातून निघतात. सोबत शेंगदाण्याच्या पेंडीत मळलेला कणकेचा गोळा असतो.

घाटावर आम्ही गळ टाकत नाही. तिथं लोक अंघोळीला येतात, दशक्रियेला येतात, जनाबाईच्या दर्शनाला आलेली माणसं पाण्याला हात लावून जातात. काका घाटाला नमस्कार करतात आणि आम्ही खालच्या अंगाला चालत राहतो. वाळू संपून काळा पाषाण उघडा पडतो, तिथं एक डोह आहे. पावसाळ्यात या खडकावर उभं राहायची सोय नसते. पैठणला नाथसागर भरला आणि दारं उघडली की गंगा इथं गढूळ होऊन दोन्ही काठ धरते. नाथसागराचं हे जायकवाडी धरण 1976 साली पूर्ण झालं, त्याच्या आधीची गंगा काकांनी पाहिलेली आहे. उन्हाळ्यात धार बारीक व्हायची, पण डोह सहसा आटायचे नाहीत, असं ते सांगतात. आता वर मुदगलला बंधारा आहे, खाली दिग्रसला आहे. पाणी चालतं कमी आणि थांबतं जास्त. मासा त्याप्रमाणं जागा बदलतो आणि काकाही बदलतात.

कार्तिकात पाणी निवळतं. काठावर उभं राहिलं की गुडघाभर पाण्याखालचा गोटा दिसतो. पण थंडीत मासा सुस्त असतो, पहाटे जाऊन उपयोग नाही. ऊन पाण्यावर चढलं की तो हलायला लागतो. तोवर काका मूठभर भिजवलेली पेंड डोहात टाकतात आणि खडकावर मांडी घालून बसतात. मीही बसतो.

बाहेरून बघणाऱ्याला हे नुसतं बसणं वाटतं. पण गळ किती खोल सोडायचा, यात काकांचं निम्मं आयुष्य गेलंय. कटला वरच्या थरात चरतो, त्याचं तोंडच वर वळलेलं असतं. रोहू मधल्या पाण्यात. मृगळ तळाशी गाळ हुंगत फिरतो. म्हणून भेंड दोऱ्यावर वर-खाली सरकवायचा, आणि कुठं थांबवायचा ते आदल्या आठवड्यात पाणी किती होतं त्यावर ठरवायचं. मला अजून ते मोजून करावं लागतं. काका दोरा बोटांतून नुसता ओढतात आणि थांबतात.

मग भेंड बोलायला लागतो. चिलापी (तिलापिया मासा) असली की तो उगाच टकटक नाचतो, आमिष खाऊन जाते आणि गळ कोरडा वर येतो. रोहू तसा नाही. भेंड आधी जरा आडवा होतो, मग तिरपा सरकत जातो, जणू कुणी त्याला हाताला धरून नेतंय. तेव्हा ओढायचं नाही. अख्खा पाण्याखाली गेला की मनगटानं एकच हिसका. त्या सरकण्याच्या वेळी माझ्या डोक्यात मोटार नसते, उधारी नसते, पोराची फी नसते. इतकं रिकामं आणि इतकं भरलेलं मला दुसरीकडं कुठं वाटत नाही.

"कामून हालायलास?" काका मान न वळवता विचारतात.

"मुंग्या आल्या पायाला."

"येऊ दे. मासा खडकातून ऐकतो."

आणि खरंच ऐकतो. पाण्यातला हादरा माशाला अंगावरच्या रेषेनं कळतो. रोहू हातात आला की कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेली ती रेष बघायला मिळते. काकांनी मला ती लहानपणीच दाखवली होती.

तासभर न हलता बसलं की नदीवरचे बाकीचे आपल्याला मोजणं सोडून देतात. काळा-पांढरा खंड्या आमच्या डोक्यावरच हवेत थांबतो, पंख फडफडवतो आणि दगडासारखा खाली पडतो. पाणकावळा समोरच्या खडकावर पंख पसरून वाळवत बसतो. टिटवी मात्र कधीच माफ करत नाही.

वाम, म्हणजे सापासारखा लांबट मासा, लागली तर खेळ वेगळा. ती गळ घेऊन दगडाच्या सापटीत शिरते आणि तिथं अंग आवळून धरते. जोर लावला की तंगूस तुटतं. काका दोरा सैल सोडून देतात, तंबाखू मळतात, आणि ती स्वतःहून निघेपर्यंत थांबतात. तिच्या पाठीवर बारीक काट्यांची रांग असते, म्हणून ती फडक्यात धरायची. शिंगाडा माशाच्या तर कल्ल्यांमागच्या काट्यांना दातेरी धार असते. तो लागला की हात संध्याकाळपर्यंत ठणकतो.

मरळीबद्दल काकांचा एक नेम आहे. पावसाळ्यात काठच्या गवताजवळ तांबड्या पिल्लांचा झुबका पाण्यावर लहरत असतो आणि त्याच्या खाली आईबाप राखणीला असतात. तेव्हा मरळ पकडणं सगळ्यांत सोपं असतं, कारण पिल्लांजवळ आलेल्या कशावरही ती झेपावते. काका तिथं गळ टाकत नाहीत आणि दुसरा कुणी टाकत असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसतात, तो उठेपर्यंत. मृगाच्या पुरात अंडी घालायला वर चढणाऱ्या माशांनाही ते हात लावत नाहीत. त्या महिन्यात वेळू आढ्यालाच असतो.

हे इतकं सविस्तर लिहायचं कारण आहे. मध्यंतरी एक माणूस दुकानात आला आणि म्हणाला, बॅटरीवर चालणारं शॉकचं यंत्र बनवून द्या, पैसे तुम्ही म्हणाल ते. पाण्यात दोन काठ्या घातल्या की मासे उलटे होऊन वर येतात. ते कसं बनवायचं हे मला कळतं, तार भरायचंच माझं काम आहे. मी नाही म्हणालो आणि पुन्हाही नाहीच म्हणेन. शॉकनं मोठा मासा, बोटाएवढं पिल्लू, बेडूक, काही पाहिलं जात नाही. सुरुंग आणि विष टाकून मासे मारणं तर 1897 च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, तरी डोहातून धमाक्याचा आवाज येतो. ज्या गावात असे आवाज येतात, त्या गावच्या भोई घरांना पुढं काय राहतं, हे त्यांना जाऊन विचारावं.

दुपारी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. काका जेवताना पाण्याकडं तोंड करून बसतात.

ऊन उतरलं की निघायचं. कधी पिशवीत दोन रोहू असतात, कधी एखादी वाम, कधी नुसत्या चिलाप्या. वितीपेक्षा लहान रोहू काका परत सोडतात, पाण्यात धरून, तो स्वतः हातातून निसटेपर्यंत. घरी काकू चुलीतली राख घेऊन तयार असते. वामीचा बुळबुळीतपणा राखेशिवाय जात नाही. खोबरं आणि कांदा भाजून पाट्यावर वाटायचा, लसूण सढळ हातानं, काळा मसाला, चिंचेचा कोळ, आणि रस्सा उकळला की मगच तुकडे सोडायचे. आधी सोडले तर फुटतात, यावर काकू कुणाचं ऐकत नाही.

बाजारात सगळे मरळ मागतात, तिला काटे कमी म्हणून. आमच्या घरात मत वामीला आहे. गरम ज्वारीची भाकरी रश्शात कुस्करून, मधल्या एका काट्याचा तो तुकडा वर ठेवला की काका पहिला घास घेतात आणि काकूकडं बघून म्हणतात, "मीठ बरोबर पडलंय." याहून जास्त कौतुक ते कुणाचं करत नाहीत, आणि काकूला ते पुरतं.