ट्रेल शूज, ५०० किलोमीटरनंतरची नोंद: सोल शाबूत, जाळी गेली

जोडी: ४ मिमी लग (सोलखालचे रबरी दात), ६ मिमी ड्रॉप (टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक), ईव्हीए फोमचा मिडसोल (पाय आणि सोल यांमधला गादीसारखा थर), पुढच्या भागात रॉक प्लेट (खडे टोचू नयेत म्हणून आत बसवलेली कडक पट्टी). वापर सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या बाजूचा मुरूम, माळरान आणि शेतांतल्या गाडीवाटांवर.

लग अजून ३ मिमीच्या आसपास आहेत. झीज दिसते ती टाचेच्या बाहेरच्या कडेला, आणि तीही मुख्यतः घरापासून माळापर्यंतच्या डांबरामुळे. पण करंगळीजवळ, पाय वाकतो तिथेच, जाळी (शूजचं वरचं विणलेलं कापड) उसवली आहे आणि टाचेखालचा फोम बसलाय. आपल्याकडे शूज वरून आणि आतून आधी जातात, खालून शेवटी. त्यामुळे नुसता सोल बघून जोडीचं आयुष्य ठरवू नका.

जाळीचा पहिला शत्रू कुसळ. पावसाळा संपून गवत वाळलं की ते जाळीत घुसतं आणि त्यावरच्या उलट्या केसांमुळे प्रत्येक पावलाला आतच सरकतं. बाहेरून ओढलं की केस धाग्यात अडकतात आणि जाळीचा धागाही ओढला जातो. इनसोल काढा, आत बोट फिरवा, टोक सापडलं की चिमट्याने आतल्या बाजूनेच ओढून घ्या. घोट्यापाशी गेटर (शूजचं तोंड झाकणारी कापडी पट्टी) घातलं तर कुसळं आणि खडे मोज्यात शिरत नाहीत, पण बोटांवरची जाळी उघडीच राहते. म्हणून नवी जोडी घेताना बारीक विणीची जाळी बघा, हवा थोडी कमी खेळली तरी चालेल.

बाभळीचा काटा वेगळा. रॉक प्लेट टाचेखाली नसते. तिथे लगांच्या मधून काटा फोममध्ये शिरतो आणि टोक आतच मोडतं. त्या दिवशी काही जाणवत नाही. पुढे फोम दबत गेला की टोक वर येतं. टाचेत एकाच जागी टोचत असेल तर मोजा बदलून उपयोग नाही. इनसोल काढून अंगठ्याने दाबत शोधा, पातळ तोंडाच्या पकडीने उपटा.

काळी माती लगांत भरली की ओली असतानाच काडीने काढा. जाळीत वाळलेली माती पॉलिश पेपरसारखी धागे कापते. धुताना साधं पाणी, मऊ ब्रश, थोडा सौम्य साबण. वॉशिंग मशीन नको. इनसोल वेगळा, आत वर्तमानपत्राचे बोळे, आणि वाळवण सावलीतच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना गच्चीवर किंवा बंद गाडीच्या डिकीत ठेवलेल्या शूजचा गोंद मऊ पडतो आणि सोल चवड्याकडून सुटायला लागतो.

सोल सुटलाच तर दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडून पुसा, रबर-सोल्यूशन दोन्हीकडे पातळ लावा, हाताला चिकटेनासं होईपर्यंत १०-१५ मिनिटं थांबा, मग दाबून २४ तास बांधून ठेवा. इन्स्टंट ग्लू वापरू नका, वाळल्यावर कडक होतो आणि पाय वाकताच तडकतो. जाळीच्या भोकाला आतून नायलॉनच्या कापडाचं ठिगळ, लवचीक गोंदाने. गटई कारागिराकडून शिवून घेतलं तर जास्त टिकतं. फक्त टाका आत उंचवटा ठेवत नाही ना ते बघा, नाहीतर करंगळीला फोड ठरलेला.

फोम तपासायला शूज सपाट फरशीवर ठेवून मागून बघा. जोडी एका बाजूला कलली असेल किंवा मिडसोलवरच्या आडव्या सुरकुत्या वजन नसतानाही तशाच राहत असतील तर फोम संपला. पाठोपाठच्या दिवशी तीच जोडी नको. फोमला सावरायला एक दिवस द्या.

उन्हात पाय सुजतात, म्हणून माप संध्याकाळी, धावायचे मोजे घालून. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. उतारावर बोटं पुढे आदळत असतील तर मोठं माप घेण्याआधी सर्वांत वरच्या जादा भोकातून लेसचा फास करून टाच आवळून बघा. बहुतेकांचं काम तेवढ्यात होतं. टाच सरकायची थांबली की आतलं अस्तरही फाटत नाही.

ही जोडी आता १० किमीच्या आतल्या मऊ वाटांपुरती. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी असली जुनी ट्रेल जोडी काढू नये: सगळी डांबरी वाट, उरलेले लग तिथेच संपतील आणि बसलेल्या फोमवर टाचा बोलायला लागतील.