मांतोवाच्या छतावरची उनाड पोरं

इटलीत वेरोनाहून पाऊण तासाच्या गाडीने मांतोवाला गेले ती एका खोलीसाठी. सान जॉर्जोच्या किल्ल्यातली ही खोली चित्रकार आंद्रेया मांतेन्याने १४६५ ते १४७४ अशी नऊ वर्षं रंगवली. भिंतींवर तिथल्या राज्यकर्त्या गोन्झागा घराण्याचा दरबार आहे. तो मी भरभर उरकला आणि मान वर केली.

छताला मधोमध गोल झरोका, त्यातून निळं आकाश. म्हणजे तसा भास. आहे सगळा रंगच. कठड्यावरून बायका खाली डोकावतायत, एक मोर बसलाय आणि पंखवाली बाळसेदार पोरं नुसती उंडारतायत. काहींनी कठड्याच्या गोल भोकांतून डोकी घातलीत. आता निघणार कशी, देव जाणे. काही आतल्या अरुंद कंगोऱ्यावर उघडीनागडी उभी. खालून आधी तळवे दिसतात, मग पोट, चेहरा सगळ्यात शेवटी. एकाच्या हातात सफरचंद आहे आणि नेम बहुधा आपल्याच डोक्यावर.

यांना आपण सरसकट चेरब म्हणतो. पण मूळचे चेरब, म्हणजे बायबलमधले करूब, अशी लाडकी बाळं नव्हेत. एदेन बागेच्या वाटेवर पहारा देणारे ते. यहेज्केल संदेष्ट्याला दिसले ते तर चार तोंडांचे: माणूस, सिंह, बैल, गरुड. गुटगुटीत बाळ आलं दुसऱ्याच घरून, रोमन मदनाच्या. रोमनांच्या दगडी शवपेट्यांवर अशी पोरं कोरलेली असत. पंधराव्या शतकात दोनातेल्लोसारख्या शिल्पकारांनी ती पुन्हा आणली. इटालियनमध्ये त्यांना पुत्तो म्हणतात. चर्चमध्ये ती देवदूतांत बसली, महालात मदनाच्या टोळीत, आणि करूबाचं नाव त्यांनाच चिकटलं.

मांतेन्याच्या खोलीत दोन तऱ्हांची पोरं आहेत. खाली दारावर फुलपाखराच्या पंखांची पोरं अर्पणलेख धरून इमानेइतबारे कामावर. वरची मात्र ना देवाची, ना मदनाची. मला तीच आवडली. पुढे रोकोको या अठराव्या शतकातल्या नटव्या शैलीच्या छतांवर गुलाबी ढगांत भर घालण्यापुरतीच ती उरली. चित्रकार राफाएलने मॅडोनाच्या, म्हणजे मेरी मातेच्या, पायाशी बसवलेली दोन तर आता मगांवर आणि बिस्किटांच्या डब्यांवर असतात.

निघताना पुन्हा वर पाहिलं. झरोक्याच्या काठावर झाडाची एक जड कुंडी आहे, एकाच दांड्यावर टेकवलेली. त्या दांड्याला एका बाईचा हात लागलाय, आणि ती गालात हसतेय. मी दोन पावलं बाजूला सरकले.