कुलपाचा कोड जगाला वाटताना

एन्क्रिप्शनचा, म्हणजे माहितीला कुलूप लावणारा, कोड सगळ्यांसाठी खुला करायचा ठरलं की पहिला प्रश्न येतो: सरकारचा निर्यात परवाना लागतो का? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’. पण ही सूट कशामुळे मिळते हे ठाऊक नसेल, तर एखाद्या फालतू अटीपायी ती हातची जाते.

आपल्याकडे १९९२चा परकीय व्यापार कायदा आणि त्याखालची स्कोमेट यादी, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तू आणि तंत्रज्ञानाची यादी, लागू होते. तिच्या आठव्या वर्गात, ८ए५च्या दुसऱ्या भागात, माहिती गुप्त ठेवणारं एन्क्रिप्शन येतं. सिमेट्रिक किल्ली (कुलूप लावायला आणि उघडायला एकच) ५६ बिटांहून मोठी, किंवा दोन किल्ल्यांच्या पद्धतींपैकी आरएसए ५१२हून वा इलिप्टिक कर्व्ह ११२ बिटांहून मोठी असली की ते यादीत. म्हणजे १२८ बिटांची किल्ली वापरणारं, सगळीकडे चालणारं साधं एईएस-१२८सुद्धा! नुसती डिजिटल सही किंवा ओळख पडताळणी मात्र यात धरत नाहीत.

सुटकेची वाट ‘पब्लिक डोमेन’ या शब्दांत आहे. इथे त्याचा अर्थ कॉपीराइट सोडून देणं असा नाही. पुढे वाटण्यावर बंधन न घालता उपलब्ध केलेलं, एवढाच. त्यामुळे जीपीएल, एमआयटी, अपाची हे खुल्या सॉफ्टवेअरचे वापर-परवाने चालतात. ‘आधी आमची परवानगी घ्या’ किंवा ‘इतरांना देऊ नका’ ही ओळ घातली की सूट संपली. या वापर-परवान्याच्या फाइलमध्ये हौसेने स्वतःची कलमं जोडणारे नेमके इथेच फसतात.

गिटहब या कोड ठेवण्याच्या अमेरिकी साइटवर कोड ठेवला की अमेरिकेचे नियमही लागू होतात. तिथे हा माल ५डी००२ या क्रमांकाखाली येतो. सोर्स (माणसाला वाचता येणारा मूळ कोड) खुला आणि एन्क्रिप्शन प्रमाणित असेल, तर २०२१पासून काहीच कळवावं लागत नाही. घरगुती, कुठल्याही मान्य मानकात नसलेला सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) असेल, तर प्रसिद्ध करतानाच अमेरिकी वाणिज्य खात्याच्या बीआयएस या निर्यात-नियंत्रण विभागाला आणि एनएसए या गुप्तचर संस्थेला कोडच्या लिंकसह ईमेल करावा लागतो. (घरगुती सायफर लिहूच नये, हे वेगळं सांगायला नको. एईएस किंवा चाचा२० हे तपासलेले सायफर घ्या.)

जास्त घोटाळे होतात ते बायनरीत, म्हणजे सोर्सपासून बांधलेल्या, थेट चालवता येणाऱ्या फाइलमध्ये. ज्या सोर्समधून ती बांधली तो खुला असेल तरच बायनरीला सूट. रिलीज खासगी ब्रांचवरून (कोडच्या वेगळ्या प्रतीवरून) बांधला आणि त्यातला एक पॅच, म्हणजे छोटा बदल, सार्वजनिक ब्रांचमध्ये गेलाच नाही, तर त्या बायनरीची सूट जाते. म्हणून आधी त्या आवृत्तीवर टॅग (खूण) लावा, त्याच टॅगवरून बायनरी बांधा, सोर्सचा टारबॉल (एकत्र बांधलेली फाइल) शेजारीच ठेवा. सोबत एसएचए-२५६ बेरीज (फाइल बदलली नाही हे पडताळायचा आकडा) आणि वेगळी जीपीजी सही (फाइल तुमचीच असल्याची डिजिटल सही) द्या. ही सही तपासायच्या सार्वजनिक किल्लीचा ठसा (तिची छोटी ओळख) मात्र दुसऱ्या साइटवर ठेवा. एकच सर्व्हर फोडला आणि फाइल, बेरीज, किल्ली तिन्ही बदलता आल्या, तर सही असून नसल्यासारखी.

ट्युटोरियलची चिंता कमी. ईमेल गुप्त ठेवणाऱ्या पीजीपी या प्रोग्रामचा सोर्स एमआयटी प्रेसने १९९५मध्ये चक्क छापून विकला, कारण तेव्हा अमेरिकेतून फ्लॉपीवर कोड पाठवायला बंधन होतं, कागदावर नव्हतं. आज सगळ्यांना वाचता येणारा धडा मराठीत लिहा की इंग्रजीत, अडत नाही. अडतं ते बंद दारामागे. अंधेरीत बसून परदेशी ग्राहकाला स्क्रीन शेअर करून त्याच्याच उत्पादनाच्या एन्क्रिप्शनची अप्रकाशित रचना समजावली, तर तीही तंत्रज्ञानाची निर्यात. ईमेल, फोन, सर्व्हरवरचा अपलोड, सगळं त्यात आलं.

अशा कामाला परवाना लागलाच तर मुंबईत न्यू मरीन लाइन्सच्या परकीय व्यापार कार्यालयात चकरा मारून उपयोग नाही. अर्ज डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर जातो आणि निर्णय दिल्लीतली आंतरमंत्रालयीन समिती घेते. आयईसी (आयात-निर्यात) क्रमांक, तांत्रिक तपशील आणि ग्राहकाचं अंतिम वापराचं प्रमाणपत्र आधी गोळा करा. सगळ्यात जास्त वेळ खातं ते प्रमाणपत्र, कारण ते ग्राहकाकडून सहीनिशी यावं लागतं. करारावर तारीख टाकण्याआधीच ते मागून ठेवा.